लाल रंगाखालचा खटका

आमच्या इमारतीच्या मागच्या अंगणात एक ट्रॅक्टर होता असं सांगितलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, मुलुंडमध्ये शेती कुठे होती तुमची. शेती नव्हती. तो गवत कापायचा ट्रॅक्टर होता. माझ्या कमरेएवढ्या उंचीचा, पोटाखाली पाती आणि वर एका माणसापुरतं लोखंडी आसन. आमच्या यांनी तो आणला होता आणि यांच्याशिवाय तो कुणालाच नको होता, मला धरून.

हे एका औषधांच्या कंपनीत बागेचे सुपरवायझर होते. त्या काळी आमच्या बाजूच्या कारखान्यांना हिरवळीची फार हौस. आत चार शेडमध्ये गोळ्या बनायच्या आणि बाहेर गवत मात्र क्रिकेटची मॅच होईल एवढं. कधीतरी एक परदेशी साहेब आला. चार माणसं दिवसभर उकिडवी बसून गवत कापतायत हे त्याला बघवलं नाही, म्हणून त्याने जहाजातून हे यंत्र मागवलं. साहेब दोन वर्षांनी परत गेला. यंत्र राहिलं आणि ते चालवायला हे राहिले.

घरी येऊन मला सांगायचे, "ह्येका गियर नाय गो, ह्या तेलार चालता." आम्ही दोघं मालवणकडचे, पण मी मुंबईत वाढलेली, आणि हे बोलण्यात शेवटपर्यंत मालवणचेच राहिले. क्लच नाही, गिअर नाही, एकच दांडा. पुढे केला की पुढे, मागे केला की मागे. आत तेलाचा दाब असतो आणि तोच चाकं फिरवतो. हे सगळं मी भाकऱ्या थापताना ऐकलेलं आहे. ऐकलं म्हणजे कानावर पडलं. मी मान हलवायचे आणि मनात उद्याच्या भाजीचा विचार करायचे.

मग कंपनी बंद झाली. त्या जागेवर उंच इमारती यायच्या होत्या, सगळं सामान लिलावात गेलं, पण ट्रॅक्टरला गिऱ्हाईक मिळेना. शेवटच्या दिवशी कुठल्याशा अधिकाऱ्याने यांना म्हटलं, तूच घेऊन जा. आणि हे खरंच घेऊन आले. रविवारी सकाळी, एलबीएस रोडवरून, रिक्षांच्या मधून, इस्त्रीचा शर्ट घालून, त्या ट्रॅक्टरवर बसून. मागून बस हॉर्न देतेय आणि हे हात दाखवून तिला पुढे जा म्हणतायत. अख्खी इमारत गॅलरीत उभी होती. मी तोंड लपवून आत गेले आणि चहा टाकला.

सोसायटीने आधी कुरकुर केली. यांनी पुढची बाग सांभाळायचं कबूल केलं, तेव्हा मागच्या अंगणातला भिंतीलगतचा कोपरा मिळाला. दोन-तीन वर्षं तो चालला. मग इंजिनात काहीतरी तडकलं. त्याचा पार्ट आपल्याकडे कुठे मिळायला, त्यामुळे तो कायमचा उभा राहिला. तरी वर्षातून दोनदा त्याला जागचं हलवावं लागायचं. सोसायटीची सत्यनारायणाची पूजा मागे व्हायची आणि मांडव नेमका त्या कोपऱ्यावर यायचा. पूजेआधी बाहेर काढायचा, पूजा झाली की परत जागेवर. ते काम हेच करायचे. हे गेले त्या वर्षापासून पूजा पुढच्या अंगणात सरकली, कारण ट्रॅक्टर हलवणार कोण.

हे जाऊन सात वर्षं झाली. कंपनीत दसऱ्याला यंत्रांची पूजा व्हायची, ती सवय यांनी घरी आणली होती. झेंडूची माळ, हळदकुंकू, एक नारळ. हे गेल्यावर पहिल्या दसऱ्याला मी माळ घेऊन खाली गेले तर ट्रॅक्टर गंजायला लागलेला दिसला. यांची वस्तू आणि मी ती गंजू देतेय, हे मला सहन झालं नाही. गल्लीतल्या पेंटरला बोलावलं आणि सोसायटीच्या वाळूच्या बादल्यांना लावतात तो लाल ऑईल पेंट लावून घेतला. पुढच्या दसऱ्याला परत. सात दसरे, सात हात. पेंटरला बजावायचे, एक फट सोडू नकोस, फटीतनंच पाणी आत जातं. तो बिचारा बोट घालून घालून रंग भरायचा आणि मी त्याच्या डोक्याशी उभी. यांच्यासाठी करण्यासारखं माझ्याकडे तेवढंच उरलं होतं, आणि ते मी मन लावून केलं.

या वर्षी इमारत पाडायची वेळ आली. रीडेव्हलपमेंटची चर्चा इतकी वर्षं चालली होती की ती खरी होईल असं कुणालाच वाटत नव्हतं. झाली तेव्हा मात्र दोन महिन्यांत सोळापैकी तेरा घरं रिकामी झाली. ज्यांच्याशी तीस-तीस वर्षं वाटीभर साखरेचा व्यवहार, ते निघताना म्हणाले, दोन-तीन वर्षांत भेटूच की इथेच. माझं वय अडुसष्ट. मी नुसतं हो म्हटलं. मागे राहिलेल्या घरांच्या खिडक्या, दरवाजे, नळसुद्धा लोक काढून घेऊन गेले. जिन्यात आपलीच चप्पल आपल्याला ऐकू यायची.

माझी भाड्याची जागा ठरली होती पूर्वेला, चौथ्या मजल्यावर. तिथे तुळशीच्या कुंडीलाच जागा नव्हती, ट्रॅक्टर कुठे ठेवणार. कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाने सांगून टाकलं होतं, अमुक दिवशी सकाळी जेसीबी येणार, अंगणात जे असेल ते भंगारात. भंगारवाला येऊन बघूनही गेला. त्याने ट्रॅक्टरला पायाने ढोसलं आणि आपल्या माणसाला म्हणाला, "इथेच गॅसने चार तुकडे करू." मी तिथे उभी होते. पाय काढ म्हटलं त्याला, आणि तो हसला.

मुलगा बंगळुरूला असतो. फोनवर म्हणाला, "आई, देऊन टाक ना. बाबांची आठवण काय त्या लोखंडात आहे का?" त्याचं बोलणं बरोबर असेलही, पण बरोबर बोलणाऱ्या माणसाचा राग जास्त येतो. मी दोन दिवस त्याचा फोन घेतला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने जुन्या यंत्रांच्या कुठल्याशा ग्रुपवर फोटो टाकला आणि एक गिऱ्हाईक शोधलं, नाशिकच्या बाजूचं. पन्नाशीचा माणूस, द्राक्षाची बाग, आणि वेड मात्र असल्या छोट्या जुन्या ट्रॅक्टरांचं. त्याच्याकडे दोन आहेत, दोन्ही चालू केलेत त्याने.

त्याने मला फोन केला. आवाज मऊ. "मावशी, इंजिन बंद असू दे, ते मी बघतो. पण एक लक्षात ठेवा. हा तेलावरचा आहे. इंजिन बंद असलं की तेल चाकं धरून ठेवतं. त्याला मोकळं करायला कुठेतरी एक खटका असतो, तो दाबूनच ढकलायचा, तेही हळू. बांधून ओढला तर आतला पंप जातो, मग तो माझ्याही उपयोगाचा नाही. ओढलेला असेल तर नका पाठवू." मी म्हटलं, पाठवते नीट. खटका कुठे असतो विचारायचं राहून गेलं. मला वाटलं, असेल दिसेल असा.

तर असा तो दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी जेसीबी, आणि त्या दुपारी नाशिकहून टेम्पो आलेला. ड्रायव्हर आणि दोन हमाल. कसाऱ्याचा घाट उजेडात चढायचा म्हणून चारच्या आत निघणार, हे ड्रायव्हरने आल्याआल्या सांगितलं. टेम्पो गेटातून आत येईना म्हणून बाहेर, ट्रॅक्टर मागच्या कोपऱ्यात. मध्ये अंगणाची चाळीस-पन्नास पावलं. तेवढी चालून गेला तर तो नाशिकला, नाही तर भंगारात.

दोन्ही हमालांनी खांदा लावला. ट्रॅक्टर तसूभर हलला नाही. वॉचमनही आला. तिघांनी जोर केला, चौथा ड्रायव्हर. नुसती चार माणसं लाल झाली.

"काकी, हा जाम झालाय," ड्रायव्हर म्हणाला.

"जाम नाही झाला. तेल धरून ठेवतं. खटका आहे कुठेतरी."

"गिअरमध्ये असेल. न्यूट्रल कर ना रे त्याला," त्याने एका हमालाला सांगितलं.

"त्याला गिअर नाही."

ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं. म्हातारीचं डोकं ठिकाणावर आहे ना, अशी ती नजर, मला चांगली ओळखीची आहे. "काकी, गिअर नाय अशी गाडी असते काय? स्कूटीला पण असतो तो आतनं." मी म्हटलं, "तू स्कूटी बघ तुझी." मग मोबाईलचे टॉर्च लावून त्यांनी सगळीकडे शोधलं. आसनाखाली, मागे, बाजूला. सगळं एकसारखं गुळगुळीत लाल. पेंटरने काम चोख केलं होतं.

मी चहा आणायला वर गेले. घरात एक पातेलं आणि चार स्टीलचे ग्लास एवढंच बाहेर होतं, बाकी सगळं खोक्यात. दूध उकळेपर्यंत खालून टेम्पोचा आवाज आला. खिडकीतून पाहिलं तर टेम्पो उलटा गेटाला टेकवलेला, तिथून ट्रॅक्टरच्या पुढच्या दांड्यापर्यंत लांब दोर, आणि चाकं न फिरता फरशीवर खरवडत येतायत, मागे काळे पट्टे. मी गॅस तसाच टाकून, अनवाणी, जिना उतरले. काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. टेम्पो थांबला. दोन-तीन हात ओढला गेला होता.

ड्रायव्हर चिडला नाही, तेच जास्त लागलं. तो समजुतीने म्हणाला, "काकी, यार, असं केलं तर कसं होणार? आम्ही काय मुद्दाम करतो का? नाय हलत तो. मी वाट बघतो, पण चारला निघणार." दोर सोडून ते तिघे सावलीत जाऊन बसले. मी वर जाऊन गॅस बंद केला, दूध उतू गेलं होतं.

मी नाशिकच्या माणसाला फोन लावला. ओढल्याचं सांगितलं, लपवलं नाही. तो म्हणाला, एवढं दोन-तीन हात ओढल्याने बहुतेक काही होणार नाही, पण आता परत नको. खटक्याचं विचारलं तर म्हणाला, प्रत्येक मॉडेलला वेगळा, फोटो पाठवा. वॉचमनने चारी बाजूंनी फोटो काढून पाठवले. थोड्या वेळाने उत्तर आलं. "मावशी, सगळं लालच दिसतंय हो. रंग कुणी दिला एवढा?"

मी दिला, असं मी त्याला लिहिलं नाही.

कंपनीत यांच्याबरोबर काम केलेल्या दोन माणसांचे नंबर माझ्या जुन्या वहीत होते. एक लागलाच नाही. दुसरा लागला तो सुनेने उचलला. मी नाव सांगितलं, ट्रॅक्टरचं सांगितलं, मामांना जरा देता का म्हटलं. ती म्हणाली, "ते गेले ना, दिवाळीच्या आधी." मी काय बोलायचं ते बोलले आणि फोन ठेवला. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले. तीन वाजत आले होते. एखादी गोष्ट माहीत असलेलं जगात एकही माणूस उरलेलं नाही, आणि ज्याला ती माहीत होती तो तीस वर्षं माझ्याच घरात ती सांगत बसायचा. मला माझीच इतकी चीड आली की रडूही येईना.

काय आठवतं, याचा मी विचार करायला लागले. सांगितलेलं काही आठवत नव्हतं. पण बघितलेलं आठवत होतं. माझी स्वयंपाकघराची खिडकी बरोबर त्या कोपऱ्यावर उघडते. पूजेच्या आदल्या दिवशी हे खाली ट्रॅक्टरशी खटपट करायचे ते मी वरून कितीदा पाहिलेलं. डावा गुडघा जमिनीला टेकलेला. उजवा हात आसनाखाली कोपरापर्यंत आत. हात कुठे जातोय ते न बघता चाचपायचे, त्यामुळे तोंड भलतीकडे, वर. वर म्हणजे माझ्या खिडकीकडे.

मी उठले आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाशी गुडघा टेकला. माझे गुडघे टेकायचे राहिलेले नाहीत. वॉचमन धावला, "आजी, काय करताय?" त्याला हाताने थांबवलं. उजवा हात आसनाखाली घातला आणि मान वर केली. मान जास्त डावीकडे गेली तर खिडकी दिसेना, म्हणून जरा पुढे सरकले. मग दिसली. पहिल्या मजल्यावरची माझी खिडकी, पडदा काढलेला, आत पांढरी भिंत. ते तिथून मला बघायचे हे मला माहीत होतं. तिथून मी कशी दिसत असेन, हे मला त्या दिवशी कळलं. जाळीच्या आड, हात पुसत उभी असलेली बाई, खाली न येणारी.

हात जिथे पोहोचला तिथे एक पत्रा होता आणि पत्र्याला बोटभर भोक असावं अशी खोलगट जागा, रंगाने भरलेली. मी वॉचमनला वरून कालथा आणायला पाठवलं, खोक्यावर 'स्वयंपाक' लिहिलंय त्यात. तो कालथा, एक सुरी आणि आपल्या बुद्धीने पोळपाटही घेऊन आला. मी आधी कालथ्याच्या दांड्याने, मग सुरीच्या टोकाने खरवडायला लागले. पोपडे निघायला लागले. एक लाल, खाली दुसरा लाल, खाली तिसरा. प्रत्येक दसरा मी नखाखाली काढत होते. एवढं प्रेम केलं आणि वाट दिसेनाशी केली, असं सारखं मनात येत होतं.

सातही हात निघाले तेव्हा आतून एक दांडी लागली, करंगळीएवढी. तिच्याभोवती काहीतरी गुंडाळलेलं होतं. आधी तारेसारखं वाटलं. ओढलं तर कापडाची चिंधी, पीळ दिलेली, रंगाने कडक झालेली. आतल्या पिळात रंग पोहोचला नव्हता, तिथे मोरपंखी दिसलं. माझ्या एका जुन्या सुती साडीचा काठ. चिंधी हातातच मोडली. मी दांडी खाली दाबली आणि हमालांना म्हटलं, ढकला आता.

त्यांनी फारशा मनाने ढकललं नाही. आणि ट्रॅक्टर चालला. जड, हळू, पण चाकं फिरत होती. ड्रायव्हर उठून उभा राहिला आणि "आयला" म्हणाला. आनंदाने माझा हात सुटला, तर ट्रॅक्टर जागच्या जागी थांबला, भिंतीत चिणल्यासारखा. परत दाबली, परत चालला. म्हणजे एकदा दाबून भागत नव्हतं. दांडी धरून ठेवावी लागत होती, शेवटपर्यंत. एकाने वाकून ती धरायची आणि दुसऱ्याने ढकलायचं.

ड्रायव्हर म्हणाला, "काकी, सरका, मी धरतो." मी नाही म्हटलं. मी वाकले, आसनाखाली हात घातला, आणि ती चाळीस पावलं त्याच्या बाजूने चालत गेले. चालत कसली, फरफटत. दर चार पावलांना कंबर धरायची, मी हात सोडायचे, तो थांबायचा, हमाल थांबायचे. आणि तशी वाकून चालताना मला ते कळलं, जे मला कधीच कळलं नव्हतं.

पूजेच्या आदल्या दिवशी हे दरवर्षी खालून हाक मारायचे. "गो, जरा हय ये. जरा हात लाव." दरवर्षी. मला वाटायचं, यांना आपलं कौतुक दाखवायचंय, बघ कसा हलवतो मी एकटा. मी खिडकीतून म्हणायचे, "तुमचं खेळणं तुम्ही ढकला, माझ्या हाताला पीठ आहे." कधी पीठ असायचं, कधी नसायचं. मग हे हसून मान हलवायचे आणि लागायचे कामाला. त्या चिंधीने दांडी बांधायचे. चिंधी सैल व्हायची, दोन हात जाऊन ट्रॅक्टर थांबायचा. परत गुडघा टेकायचा, परत बांधायची, परत मागे जाऊन ढकलायचं. दहा-बारा फूट जायला यांना अर्धा तास लागायचा आणि मी वरून शेजारणीला म्हणायचे, बघ, गोगलगाय निघाली आमची. दोघी हसायचो. यांनाही ऐकू जात असणार.

ते कौतुकाला बोलवत नव्हते. त्यांना दुसरं माणूस हवं होतं. अंगणातले कुणीही आले असते, वॉचमन आला असता, पण यांनी हाक मारली ती मलाच. इतक्या वर्षांत त्यांनी एकदाही म्हटलं नाही की, हे एकट्याचं काम नाही गं, म्हणून ये. म्हटलं असतं तरी मी ऐकलं असतं का, कोण जाणे. वाकून चालताना एक हात दांडीवर, दुसऱ्याने आसन धरलेलं, डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता.

टेम्पोला फळ्या लावल्या. चढावर मला वाकता येईना, तिथे मी ड्रायव्हरला दांडी दाखवली आणि त्याने माझ्यापेक्षा नीट धरली. वर गेल्यावर हात सोडला तसा ट्रॅक्टर घट्ट बसला. चाकांखाली काही अडकवायचीही गरज नव्हती, तरी ड्रायव्हरने दोन विटा लावल्या. चारला दहा मिनिटं कमी होती. निघताना तो म्हणाला, "काकी, सॉरी हां, दोर लावला ते." मी म्हटलं, जा नीट, घाटात सावकाश. टेम्पो गल्लीच्या तोंडाशी वळला. वॉचमनने प्लॅस्टिकची खुर्ची उचलून आत नेली. मी वर गेले, सांडलेलं दूध पुसलं, आणि त्या दिवशी जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नव्या जागेत गेले. दहाच्या सुमाराला नाशिकच्या माणसाचा फोन आला. मी खोक्यांच्या मधल्या जागेत स्टुलावर बसले होते.

"मावशी, पोचला. बघितला मी सगळा. पंपाला काही झालेलं नाही. रंग काढायला आठवडा जाईल, पण उत्तम ठेवलाय."

मला फार बरं वाटलं. "चालू होईल?" मी विचारलं.

"होईल. दोनेक महिने लागतील, पण होईल. चालू झाला की व्हिडिओ पाठवतो." मग म्हणाला, "मावशी, एक विचारू का? याचा खटका धरून ठेवावा लागतो. इंजिन बंद पडल्यावर इतकी वर्षं साहेब एकटे कसे हलवायचे हो हा?"

खिडकीबाहेर अनोळखी इमारतीची मागची बाजू होती, पाइप आणि वाळत घातलेले कपडे. मी ते बघत राहिले.

"एकटे नाही," मी म्हटलं. "हे खटका धरायचे आणि मी ढकलायचे."

"तरीच," तो म्हणाला. "घरातलं माणूस जोडीला होतं म्हणून जमलं त्यांना. नाही तर फार हाल झाले असते."